झोपेच्या कपाटातले गाणे

मामांनी बटण दाबून फीत थांबवली, दोन बोटांनी चकती उलटी फिरवली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

आधी खरखर. मग बासरीचा एक सूर, चढता चढता मध्येच शिटीसारखा फुटलेला. त्यावर एका मुलीचे हसणे, तोंडावर हात नेऊनही न आवरलेले, बोटांच्या फटींतून सांडणारे. मग एका पुरुषाचा आवाज.

"हसू नकोस गं. आता गा."

आणि गाणे सुरू झाले.

हसणे मामांच्या ओळखीचे नव्हते. गाणेही नव्हते. गाणारीचा आवाज मात्र पहिल्याच ओळीत ओळखू आला. त्याच आवाजात त्यांना रोज सकाळी चहा निवतोय म्हणून सांगितले जात असे.

त्यांनी कानांवरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. खोलीला खिडकी नव्हती. खाली गाद्यांचे दुकान होते आणि ही खोली पूर्वी त्याचे कोठार होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भाच्याने दुकानदाराकडून डागाळलेल्या, विकल्या न गेलेल्या गाद्या आणून चारही भिंतींना उभ्या लावल्या होत्या. कापसाचे तंतू अजूनही हवेत तरंगत. मामांना वाटले, आपली चूक होत असेल. वय झाले की कानांवर किती भरवसा ठेवायचा? मग त्यांनी हेडफोन पुन्हा लावला, आणि चूक होत नव्हती.

बासरीवाला कोण, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. बायको लग्नाआधी एका लहानशा रेकॉर्डिंग कंपनीसाठी दोन-तीन गाणी गायली होती, तिच्याच चाळीतल्या एका बासरीवाल्याने तिला तिथे नेले होते, एवढे मामांना लग्न ठरतानाच सांगण्यात आले होते. लपवाछपवी काही नव्हती. बासरीवाला लग्नालाही आला होता. एक लांब दांड्याची छत्री आहेर म्हणून दिली आणि न जेवता गेला. त्यानंतर तो कधी घरी आला नाही, तिने कधी त्याचे नाव काढले नाही, आणि ती कधी गायलीही नाही. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हा प्रश्न मामांनी तिला कधी विचारला नाही. स्वतःला मात्र ते विचारत आले. बासरीवाला मरूनही आता बरीच वर्षे झाली होती. जिवंत माणसाचा हेवा करणे त्या मानाने सोपे, तो म्हातारा होतो, त्याचे दात पडतात.

तिला असे हसताना मामांनी कधी ऐकले नव्हते. ती हसायची, नाही असे नाही. भाच्याच्या विनोदांवर हसायची, टीव्हीवर हसायची. पण हे हसणे वेगळे होते. आपल्याकडे कुणी बघतेय याची खात्री असलेल्या माणसाचे होते.

फोनवर गाणी ऐकवणाऱ्या भाच्याच्या कंपनीत मामांचे काम एवढेच होते की, फीत ऐकायची, गाण्याच्या आधीचे आणि नंतरचे खोकणे-बोलणे कापायचे आणि संगणकावरचे रकाने भरायचे. गायक, वादक, प्रकार. मोठ्या रेकॉर्डिंग कंपन्यांनी भाच्याला दारातसुद्धा उभे केले नव्हते. मग त्याने बंद पडलेल्या एका रेकॉर्डिंग कंपनीच्या फितींची खोकीच्या खोकी उचलून आणली. "नवी गाणी सगळ्यांकडे आहेत, मामा. जी कुणाकडेच नाहीत, ती आपल्याकडे," असे तो म्हणे. खोक्यांना ओल लागून बऱ्याच फितींवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. मामांचा जन्म ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात गेला होता, म्हणून भाच्याने त्यांना बोलावले. मामांना मात्र वाटे की, त्याच्या आईच्या आग्रहाखातर बोलावले असेल. ते सगळ्यांच्या आधी येत, कारण संगणक सुरू करायला आपल्याला किती वेळ लागतो हे कुणी पाहू नये.

या फितीवर चिठ्ठी नव्हती.

पडद्यावर गाण्याची नागमोडी रेघ उमटली होती. मामांनी कापायची खूण हसण्याच्या आणि त्या वाक्याच्या पुढे नेऊन ठेवली. नियमाप्रमाणे ती तिथेच ठेवायची असते. या वेळी मात्र ती नीट बसली की नाही, हे त्यांनी दोनदा पाहिले. मग गायकाच्या रकान्यात त्यांनी लिहिले, अज्ञात. वादकाच्या रकान्यात लिहिले, अज्ञात.

राहिला प्रकार. भाच्याने हौसेने 'झोप' नावाचा एक विभाग उघडून ठेवला होता. त्यात पंख्याची घरघर, समुद्राची गाज आणि एक बेसूर अंगाई होती. तिकडे कुणी फिरकत नसे. ग्रंथालयात राहून मामा एक गोष्ट पक्की शिकले होते. चोरीला गेलेले पुस्तक कधीतरी परत येते, चुकीच्या कपाटात ठेवलेले पुस्तक मात्र कायमचे जाते.

त्यांनी गाणे 'झोप'मध्ये टाकले आणि पुढची फीत उचलली.

संध्याकाळी घरी बायकोने विचारले, "आज काय ऐकलंत?"

ती हे रोज विचारत असे. ते रोज काहीतरी सांगत.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "एक कीर्तनकार होता. खोकत होता सारखा."

"तुमच्यासारखा."

दाराच्या खुंटीवर ती छत्री लटकत होती. तिचे कापड दोनदा बदलले होते, काड्या एकदा. बासरीवाल्याचा असा फक्त दांडा उरला होता. बायको ती वापरायची. मामा पाऊस आला तर वर्तमानपत्र डोक्यावर धरत, आणि "लग्नात छत्री कोण देतं?" हा त्यांचा विनोद दर पावसाळ्यात एकदा व्हायचा. त्यावरही ती हसायची. पण नेहमीसारखी.

*

कंपनी वाढते म्हणजे काय होते, हे मामांना खुर्च्यांवरून कळले. सुरुवातीला घडीच्या खुर्च्या होत्या आणि एक कायम भिंतीला टेकवलेली असे, कारण तिच्यावर बसणारे कुणी नव्हते. मग प्लास्टिकच्या आल्या. मग चाकांच्या. चाकांच्या आल्यावर संडासापाशी रांग लागू लागली.

भिंतीवर एक पडदा होता. आत्ता या घटकेला कोण काय ऐकतेय, ते त्याच्यावर एकेका ठिपक्याने दिसे. सुरुवातीला ऐकणारे इतके थोडे होते की त्यांच्या सवयी पाठ झाल्या होत्या. आकडे सांभाळणाऱ्या मुलीने त्यांना नावे ठेवली होती. तिला सगळे आकडेवाली म्हणत. दुपारी जेवल्यावर तेच एक युगुलगीत लावणारा होता, त्याला ती 'विधुर' म्हणे. एक जण कुठलेही गाणे अर्ध्यावर सोडी, तो 'धरसोड्या'.

"हा धरसोड्या एक दिवस पूर्ण गाणं ऐकेल ना, तेव्हा आपली कंपनी चालली म्हणायची," भाचा म्हणाला होता.

एका सकाळी मामा आले तर आकडेवाली पडद्यासमोर उभी होती. तिच्या हातातला चहा तसाच होता.

"मामा, हे बघा. धरसोड्यानं पूर्ण ऐकलं."

"काय ऐकलं?"

"झोपेतलं. ते 'अज्ञात' आहे ना, ते. सलग पाच वेळा."

"झोपला असेल," मामा म्हणाले.

तेच खरे होते. तो झोपला होता. दुसरेही झोपत होते. झोपलेला माणूस गाणे मध्येच सोडत नाही, आणि मध्येच न सोडलेले गाणे म्हणजे आवडलेले गाणे, अशी यंत्राची समजूत होती. म्हणून यंत्र ते आणखी लोकांना ऐकवी. तेही झोपत. ग्रंथालयातली पुस्तके आपल्या कपाटात गप्प उभी राहतात, इथली गाणी उठून माणसांच्या घरी जातात, हे मामांच्या ध्यानातच आले नव्हते.

"झोपलेला ग्राहक कधी तक्रार करत नाही," भाचा हसून हसून बेजार झाला. "मामा, तुम्ही हे झोपेत काय म्हणून टाकलंत?"

"मला ऐकताना डुलकी लागली."

"धन्य आहे!"

पण गंमत तेवढ्यावर थांबली नाही. थोड्या दिवसांनी आकडेवाली म्हणाली की, लोक आता ते जागेपणीही शोधून लावताहेत. सकाळी, कामावर जाताना, भांडी घासताना. एकाने दुसऱ्याला पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. नवीन येणारे बहुतेक जण त्या गाण्याच्या दारातून आत येत होते. पडद्यावर ते वर वर सरकले आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसले. खालचा गादीवाला दुकानात दिवसभर तेच लावू लागला.

"तुमचं गाणं आणि माझी गादी," तो जिन्यात मामांना अडवून म्हणाला. "माणूस उठूनच जात नाही दुकानातून. काल एकाला हलवून जागं करावं लागलं. पण बाई काय गायलीय हो! वाटतं, आपल्या उशाशी बसून गातेय."

मामा वर गेले.  

आजवर एका माणसाचा हेवा करून त्यांचे भागत होते. त्याला निदान चेहरा होता, तो मेला होता. आता धरसोड्या होता, विधुर होता, गादीवाला होता, आणि पडद्यावर मावणार नाहीत इतके ठिपके होते. त्या सगळ्यांच्या उशाशी ती गात होती. फक्त मामांच्या उशाशी तेवढी नाही. रस्त्यात कुणाच्या कानात तार दिसली की त्यांना त्या माणसाच्या पाठीत रट्टा घालावासा वाटे. आपण असे कसे झालो, हेही वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितले असते, तर ऐकणारा हसला असता. त्यांना स्वतःलाही एकदा हसू आले, पण ते फार टिकले नाही.

*

"मामा, एक अडचण आहे," भाचा म्हणाला. त्याने दार लावून घेतले. गाद्यांच्या खोलीत बोललेले बाहेर जात नसे, म्हणून महत्त्वाच्या गोष्टी तो इथेच बोलायचा. "आपण आता दुसऱ्या देशांत जातोय. तिकडचे लोक विचारतात, या गाण्यावर हक्क कुणाचा? गायिका कोण? अज्ञात म्हटलं की ते हात लावत नाहीत. आणि हेच गाणं नसेल तर तिकडे आपल्याला कोण ओळखतं?"

"मग?"

"जुन्या रेकॉर्डिंग कंपनीतलं कुणी हयात नाही. मी सगळीकडे विचारून थकलो. तुम्हाला काही धागा? फितीवर काही बोलणं वगैरे होतं का?"

मामांनी टेबलावरचा कापसाचा तंतू बोटाने गोळा केला.

"खरखर होती," ते म्हणाले.

"जाऊ दे. मग दुसरा मार्ग आहे. चाल जुनी आहे, तिला कुणी हरकत घेणार नाही. नव्या मुलीकडून गाऊन घेतो. आवाजही साफ येईल. शुक्रवारी रेकॉर्डिंग केलं की जुनं काढून टाकायचं, त्या जागी नवं."

"काढून टाकायचं?"

"पूर्ण. दोन-दोन ठेवली तर घोळ होतो."

मामा हो म्हणाले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांना जेवण गोड लागले. भात दुसऱ्यांदा घेतला. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि भांडे पुढे सरकवले.

नवी गायिका गुरुवारी सरावाला आली. मुलगी गुणी होती. मामांच्याच खोलीत, मामांचाच हेडफोन लावून तिने ते गाणे पुन्हा पुन्हा ऐकले आणि वहीत श्वासाच्या जागा मांडल्या. मग गाऊन पाहिले. सूर कुठे हलला नाही. तरी ती थांबली.

"नाही जमत," ती म्हणाली.

"छान तर गातेस बाळ," मामा म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

"तसं नाही काका. सूर येतात. पण ही बाई कुणाकडे तरी बघून गातेय. समोर माणूस आहे तिच्या." तिने भिंतीवरच्या डागाळलेल्या गादीकडे बोट केले. "मी हिच्याकडे बघून कशी गाऊ?"

ती हसली. मामा उठले. बरे वाटत नाही म्हणून भाच्याला सांगून दुपारीच घरी निघाले.

*

दार त्यांनी आपल्या किल्लीने उघडले. बायको या वेळी पडलेली असायची, तिची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या.

आतल्या खोलीत गाणे चालू होते.

ती कुशीवर होती, पाठ दाराकडे. फोन उशीला टेकवून ठेवला होता आणि आवाज अगदी बारीक केलेला होता, खोलीबाहेर जेमतेम ऐकू येईल असा. झोपलेली नव्हती. चादरीवर तिचे बोट ठेका धरत होते. मामा उंबऱ्यातच उभे राहिले, चपला हातात.

गाणे संपले. तिने बोट लावून ते पुन्हा सुरू केले. सराईतपणे, न पाहता. हे आजचे नव्हते.

"लवकर आलात," ती वळून न बघता म्हणाली.

"हं. डोकं दुखत होतं."

"बाम कपाटात आहे."

त्यांनी बाम काढला नाही. पलंगाच्या कडेला बसले. गाणे चालूच होते. ते बंद करावे असे तिला वाटलेले दिसले नाही.

"बरं गायलीय पोरगी," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हो."

"दुसऱ्या कडव्यात जरा घाई केलीय. लहान असेल. भीती वाटत असेल."

मामा फोनच्या पडद्याकडे बघत होते.

"मी नाव बघितलं," ती म्हणाली. "अज्ञात लिहिलंय."

"चिठ्ठी पडली होती फितीवरची."

"असं होय." ठेका धरणारे बोट थांबले. "आणि बासरी? तीसुद्धा अज्ञात."

"हो."

"तुमच्याकडे हे लिहितं कोण?"

प्रश्नात राग नव्हता. मीठ आहे का, असे विचारावे तसा प्रश्न होता. मामांनी हातातल्या चपलांकडे पाहिले. त्या अजून हातातच होत्या.

"मीच," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली.

गाणे संपले, तिने ते पुन्हा लावले. मग म्हणाली, "भाच्याचा फोन होता सकाळी. मामी, उद्या नवीन रेकॉर्डिंग आहे, म्हणाला. जुनं काढणार म्हणे. म्हटलं, काढण्याआधी ऐकून घ्यावं थोडं." तिने फोनचा आवाज आणखी बारीक केला. "मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल. रोज विचारत होते मी."

एवढे बोलून तिने चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली.

मामा स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. ती हेडफोन न वापरता, इतका बारीक आवाज ठेवून का ऐकत होती, हे त्यांना पाणी पिताना कळले. घरात कुणी नसतानाही तिला तशी सवय लागली होती. ती सवय कुणामुळे लागली, हेही कळले, आणि भांडे हातात घेऊन ते ओट्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

*

शुक्रवारी सकाळी पाऊस नव्हता, आभाळ मात्र भरले होते. मामांनी वर्तमानपत्र घेतले, परत ठेवले, आणि खुंटीवरची छत्री काढली. दांडा त्यांच्या हाताला नवा होता.

कार्यालयात कुणी आले नव्हते. त्यांनी मूळ फीत काढून यंत्रावर चढवली आणि या वेळी पहिल्यापासून ऐकली. खरखर. फुटलेला सूर. हसणे. "हसू नकोस गं. आता गा." गाणे. गाणे संपल्यावरही त्यांनी थांबवली नाही. आणखी काही असेल, एखादा शब्द, एखादे नाव, या बाजूचा किंवा त्या बाजूचा कसलातरी पुरावा, म्हणून चकती रिकामी फिरेपर्यंत ते कान देऊन बसले. काही नव्हते. एक बासरीवाला चुकला होता आणि एक मुलगी हसली होती. एवढ्यावर कुणी कुणाला दोषी धरणार नाही, आणि एवढ्याने कुणाचे समाधानही होणार नाही.

मग त्यांनी कापायची खूण उचलली आणि मागे, खरखरीच्याही आधी नेऊन ठेवली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शेकडो गाण्यांत हे एकच गाणे नियम मोडून जाणार होते.

नावांचे रकाने भरताना त्यांनी खालून सुरुवात केली. वादक. बासरीवाल्याचे पूर्ण नाव त्यांना बापाच्या नावासकट येत होते. लग्नाच्या आहेराच्या यादीतले ते एकच नाव त्यांच्या लक्षात राहिले होते. ते लिहून झाल्यावर ते वरच्या रकान्याकडे गेले आणि अडले. लग्नानंतरचे नाव लिहावे की माहेरचे? ग्रंथालयाचा नियम स्पष्ट होता. पुस्तक छापले तेव्हा लेखकाचे जे नाव होते, तेच लिहायचे. त्यांनी माहेरचे नाव लिहिले. त्या नावाशी मामांचा काहीही संबंध नव्हता. पडद्यावर ते नाव बासरीवाल्याच्या नावाच्या बरोबर वर उभे राहिले, आणि पाहताना मामांना तसाच हेवा वाटला, जसा पहिल्या दिवशी वाटला होता. कमी नाही. त्यांनी तसेच जतन केले.

भाचा आला. त्याच्या मागून नवी गायिकाही आली, गळ्याला रुमाल गुंडाळून.

"मामा, हे नाव कुठून मिळालं?" भाचा पडद्याशी वाकला. "ही कोण? हयात आहे?"

"तुझी मामी."

भाचा सरळ झाला. एकदा मामांकडे, एकदा पडद्याकडे त्याने पाहिले.

"काखेत कळसा आणि मी गावभर... मामा! तुम्हाला माहीत होतं?"

"चुकीच्या कपाटात ठेवलं गेलं होतं," मामा म्हणाले. "माझ्याकडून."

"पण का?"

मामांनी फीत यंत्रावरून उतरवून खोक्यात ठेवली.  नवी गायिका रुमालाची गाठ सोडत होती. तिने भाच्याच्या बाहीला हळूच हात लावला.

"सर, असू द्या ना," ती म्हणाली. "मला तर सुटल्यासारखं झालं."

"थांबा, आधी मामीला फोन..."

"फोन नको," मामा म्हणाले. "आधी चढव. तिला आपोआप दिसेल. दुपारी ती ऐकते."

"हसण्यासकट चढवायचं? सुरुवातीला कुणीतरी हसतंय."

"हसण्यासकट."

*

दुपारी मामा घरी आले तेव्हा पाऊस पडून गेला होता. छत्रीतून पाणी निथळत होते. त्यांनी किल्ली कुलपाला लावली, आणि फिरवली नाही.

आत ते सुरू झाले होते. आज आवाज मोठा होता. जिन्यातून ऐकू येत होता. खरखर झाली, बासरीचा सूर चढला आणि फुटला, मुलगी हसली. आणि त्या हसण्याच्या मागोमाग, जरा उशिरा, जरा घोगरे, श्वास पुरत नसलेले दुसरे हसणे आले. तसेच. बोटांच्या फटींतून सांडणारे.

मामांनी किल्ली कुलपातून काढली. दाराबाहेरच्या पायरीवर बसले आणि छत्री उघडी करून वाळत ठेवली. ती पायरीवर गोल फिरून जिन्याच्या कठड्याला जाऊन टेकली. आत गाणे पहिल्या कडव्यापर्यंत आले होते. त्याच्या खालून आणखी एक आवाज चाचपडत चालला होता, कुठे शब्द विसरत, कुठे सूर चुकवत.

छत्रीचा आवाज तिच्यापर्यंत गेला असावा. तो दुसरा आवाज थांबला.

"अहो," तिने आतून विचारले, "आलात का?"

मामांनी किल्ली खिशात टाकली.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही. तुझं होऊ दे."